पाच पावलं बाजूला

सिंगापूरमध्ये राहून मी पानगळ बघायला गेले होते, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू दे, आहेच ते हसण्यासारखं. पण या प्रवासाबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, आणि त्याचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. दोन दिवसांच्या त्या सहलीत मी माझ्या वडिलांसमोर अशी वागले की अजून आठवलं तरी कानशिलं गरम होतात. तेव्हा लिहायचंच तर सगळं लिहायला हवं. नुसतं झाडांचं आणि चहाचं गोडगोड वर्णन करून मोकळं व्हायला मला तोंड नाही.

सुरुवात जाऊबाईंपासून करते. त्या न्यू जर्सीला राहतात. दर ऑक्टोबरला त्यांची ई-मेल यायची आणि तिला दहा-बारा फोटो चिकटवलेले असायचे. लाल झाडं, पिवळी झाडं, पाचोळ्यात लोळणारी मुलं, गाडीला टेकून उभे भावजी. खाली एक ओळ ठरलेली: "तुमच्याकडे काय, बारा महिने हिरवंच ना गं?" ते 'ना गं' मला फार झोंबायचं. आमच्या बुकित पंजांगच्या ब्लॉकखाली बदामाची दोन झाडं होती. त्यांची पानं मधूनच लाल व्हायची, पण खाली पडायचा अवकाश की झाडूवाला हजर! लोळायला पाचोळा आणायचा कुठून?

मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करत होते. तिथली लिलियन नावाची सहकारी एकदा डबा खाताना तिच्या नेहमीच्या सिंगापुरी 'लाह'सकट म्हणाली, "फॉलसाठी अमेरिका कशाला? फेब्रुवारीत पलीकडे मलेशियात जोहोरला जा, लाह. रबराची झाडं पानं गाळतात तेव्हा सगळी लालभडक होतात. माझ्या आजोबांची बाग होती ना." झालं! माझ्या डोक्यात फोटो तयार झाला. आम्ही सगळे लाल झाडांखाली, आणि खाली ओळ: 'आमच्याकडचा ऑटम.' कुठला, कधीचा, ते सांगायचंच नाही. बसू दे ओळखत!

२००५चा फेब्रुवारी होता तो. नेमके तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, परभणीहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले. नाना पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. आयुष्यभर सायकलवरून कालव्याच्या कडेकडेने फिरले आणि त्या पगारात त्यांनी मला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. विमानात ते पहिल्यांदाच बसले. लेकीनं काय कमावलं ते डोळ्यांनी बघायला आले होते, आणि मलाही ते दाखवायचंच होतं. नानांनी एकदा मान डोलवून "बरं केलंस बाई" म्हटलं की माझं पोट भरायचं. माझ्या पदव्या, नोकरी, फ्लॅट सगळं त्या एका मान डोलवण्यासाठी होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

वुडलँड्स ते काळं पाणी

चिनी नववर्षाची गर्दी ओसरल्यावरच्या शनिवारी आम्ही निघालो. माझा नवरा मिलिंद जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. त्याने भाड्याची गाडी आणली. आमची सुजाता, म्हणजे सुजू, तेव्हा नऊ वर्षांची. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, म्हणून मलेशियाचे व्हिसा आधीच काढून ठेवलेले. वुडलँड्सच्या सीमेपाशी अधिकाऱ्याने पेट्रोलचा काटा बघितला. सिंगापूरची गाडी बाहेर पडताना टाकी पाऊण भरलेली लागते, नाहीतर लोक पलीकडून स्वस्त पेट्रोल भरून येतात. नानांना ही गोष्ट एवढी आवडली की पुढचे दहा किलोमीटर ते त्याच विषयावर बोलत होते.

"आणि आपण चाललो कुठं, ते तरी सांगा," ते मग म्हणाले.

"पानगळ बघायला, नाना."

"गळालेली पानं बघायला?" त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "फाल्गुनात ये की परभणीला. शिवारभर दाखवतो, चालून चालून पाय दुखतील."

मिलिंद एवढा हसला की गाडी जरा हललीच. खरं आहे म्हणा. आपल्याकडे पानगळ कुणी मुद्दाम बघायला जात नाही. पानं वाळतात, करड्या रंगाची होतात, अंगणात येऊन पडतात आणि घरातली बाई खराटा घेऊन वैतागते. लाल व्हायचं, पिवळं व्हायचं असले सोहळे आपल्या पानांना जमत नाहीत.

हायवे सोडून आम्ही ज्या गावाला वळलो त्याचं नाव आयर हितम. सुजूने शाळेत दुसरी भाषा म्हणून मलय घेतली होती. हिंदीचा वर्ग शनिवारी आणि लांब भरायचा, म्हणून आम्हीच तो टाळलेला. तिने पाटी वाचून तिच्या पद्धतीने अर्थ सांगितला, "आजोबा, आयर इज वॉटर, हितम इज ब्लॅक. सो, काळं पाणी!"

"अरे देवा," नाना म्हणाले, "जावईबापू, काळ्या पाण्याला नेताय व्हय मला? माझा गुन्हा तरी सांगा!"

सुजूला त्यात काय विनोद ते कळेना, म्हणून मिलिंदने तिला अंदमान समजावून सांगितलं. तिथल्या एका टपरीवजा हॉटेलात आम्ही रोटी चनाई खाल्ली. नावात चणा आहे म्हणून नाना उसळीची वाट बघत राहिले, आणि आली ती तुपकट पापुद्र्यांची पोळी आणि पातळ डाळ. चहावाला दोन मग हातभर अंतरावर धरून चहा ओतत होता. नाना उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि एक थेंब सांडतो का ते बघत बसले. सांडला नाही. "हातात कला आहे पोराच्या," असं त्यांनी त्याला मराठीत सांगितलं, आणि त्यानेही मान तुकवून ते स्वीकारलं. फार छान चाललं होतं सगळं.

क्लुआंगच्या अलीकडे

लिलियन खोटं बोलली नव्हती. मुक्कामाच्या क्लुआंग गावच्या रस्त्याला लागल्यावर आधी नुसती ताडतेलाची गर्द हिरवी झाडं होती, मैलोगणती. मी नाराज व्हायला लागले होते. आणि एका वळणानंतर एकदम रंग बदलला. रबराची झाडं सरळ ओळींत उभी, आणि डोक्यावर केशरी, तांबडी, मधूनच पिवळी पानं. वारा आला की तीन-तीन पानांचे झुबके सुटून गिरक्या घेत खाली येत. जमिनीवर घोट्यापर्यंत पाचोळा. सुजू गाडी थांबायच्या आत दार उघडून पळाली आणि पाचोळ्यात जाऊन लोळली. न सांगता लोळली! मला तर भरूनच आलं.

आम्ही ओळींमधून आत शिरलो. प्रत्येक खोडावर तिरक्या चिरा, खाली तारेने बांधलेली वाटी. मिलिंदने चिकाबद्दल माहिती द्यायला सुरुवात केली तेवढ्यात एक घाणेरडा वास आला. कुजलेल्या चीजसारखा म्हणावा तर त्याहून वाईट. वासाच्या मागून एक म्हातारी आली. साठी ओलांडलेली, काळीसावळी, काटक. लुंगी, वर पुरुषी शर्ट, पायात रबरी बूट, डोक्याला फडकं. हातात बादली, आणि बादलीत वाट्यांमधून खरवडलेले सुक्या चिकाचे गोळे. वास त्यांचाच होता. पानगळीत झाडाला चीक कमी येतो, म्हणून या दिवसांत हाच सुका चीक गोळा करायचा, हे मागाहून कळलं.

तिने आम्हाला पाहिलं, सुजूला पाहिलं आणि चेहरा उजळला. मग एका वाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "सुसू."

मी ओशाळले. मला वाटलं, मुलीला जायचंय का विचारतेय, आणि तेही वाटीत! मी घाईघाईने हातवारे करून सांगितलं, "नो नो, झाली, झाली. मघाशी पेट्रोल पंपावर."

सुजू पाचोळ्यात गडाबडा लोळून हसली. "आई! सुसू मीन्स मिल्क, लाह! शी इज सेइंग, झाडाचं दूध!"

तिने ते म्हातारीलाही मलयमध्ये समजावून सांगितलं. म्हातारीने बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून अशी हसली की तिचे पानाने रंगलेले दात शेवटपर्यंत दिसले. पुढे ती सुजूशीच बोलत राहिली. ती मूळची तमिळ, जन्म इथलाच. आई-वडीलही याच झाडांवर राबलेले. सुजूने तिला काय म्हणून हाक मारू असं विचारलं तर म्हणाली, पाट्टी म्हण. तमिळमध्ये पाट्टी म्हणजे आजी.

"पाटी?" नानांनी चमकून विचारलं. "पाटी म्हणतात तिला?"

"आजी म्हणायचं, नाना. तमिळमध्ये पाट्टी."

"असं होय," ते म्हणाले आणि जरा वेळ तिच्या बादलीकडे बघत राहिले.

पाट्टीने आम्हाला आपल्या खोपटाकडे नेलं. बागेच्या कडेला पत्र्याचं छप्पर, बाहेर बाकडं, चुलीवर पातेलं. तिने पातेल्यातून उकडलेल्या कंदाचे पांढरे तुकडे काढले आणि वर लाल मिरचीची चटणी वाढली. नानांनी एक तुकडा उलटसुलट करून बघितला, चाखला आणि ओरडले, "अगं, हा तर साबुदाणाच! कच्चा माल! ज्याचा करतात तो कंद!" उपासतापास आमच्या घरात कुणी करत नाही, पण साबुदाण्याच्या खिचडीला आम्ही कधी नाही म्हटलेलं नाही. ती चटणी तर थेट आपल्या ठेच्याच्या गावची. मी तीनदा मागून घेतली. हेही लिहायला हवं, कारण पुढचं लिहायचं आहे. तिच्या हातचं मी तीनदा मागून खाल्लं.

मग पाट्टीने कनवटीची पानाची पिशवी सोडली. नाना सरसावले. तिला मराठी येत नव्हती, त्यांना तमिळ येत नव्हतं. ती चुन्याच्या डबीला जे काही म्हणाली त्यातला 'चुन्ना' त्यांना ऐकू आला आणि दोघं खूष झाले. सात समुद्रांपलीकडे आलेले नाना आठवड्याभरात पहिल्यांदा घरी बसावं तसे बसले होते. पाय सोडून, टोपी मांडीवर ठेवून.

फोटो

तीन वाजता ऊन तिरपं झालं आणि ती झाडं खरोखर पेटल्यासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, आता फोटो. डिजिटल कॅमेरा घरात नवा होता. मिलिंदने तो गाडीच्या टपावर ठेवला आणि आम्हाला ओळीत उभं केलं. पाट्टीने ते पाहिलं. ती लगबगीने आत गेली, डोक्याचं फडकं सोडून आली. केसांना पाण्याचा हात लावून फणी फिरवली होती, शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. ती येऊन सुजूच्या मागे उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी बोलावलं नव्हतं, पण आम्हाला जेवू घालणाऱ्या बाईला बोलवायला कशाला हवं?

मी तो फोटो मनातच बघितला. लाल झाडं, पाचोळा, माझी नवी जीन्स, सुजूचा स्वेटर. हो, त्या उकाड्यात मी मुलीला स्वेटर घातला होता. आणि मध्येच लुंगी, बूट आणि बादली. माझ्या डोळ्यांसमोर न्यू जर्सीतला कॉम्प्युटर होता. ही लुंगी दिसली की सगळं संपलं, मलेशियातलं रबर ते मलेशियातलं रबरच दिसणार.

"सुजू," मी मराठीत म्हणाले, म्हणजे पाट्टीला कळू नये, "पाट्टींना सांग, जरा बाजूला व्हा म्हणावं. एक आपला आपला काढू."

सुजूने वर माझ्याकडे पाहिलं. "व्हाय?"

"सांग गं, ऊन जाईल."

मग सुजू मान वळवून हळूच म्हणाली, "पाट्टी, तेपी सिकित."

पाट्टीचा हात खांद्यावरून चटकन निघाला. "अय्यो, सॉरी, सॉरी," असं ती हसत म्हणाली. दोन पावलं गेली, परत आली, बादली उचलली, कारण तीही फोटोत येत होती, आणि चांगली पाच-सहा पावलं लांब, हिरव्या झुडपापाशी जाऊन उभी राहिली. तिथून आमच्याकडे कौतुकाने बघायला लागली.

"काय सांगितलंस गं तिला?" नानांनी सुजूला विचारलं.

"आईने सांगितलं ते. तेपी. मूव्ह असाइड, आजोबा. बाजूला हो."

मिलिंद टायमर लावून ओळीत आला. नानांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ओळीतून बाहेर पडले.

"नाना, कुठे? टायमर लावलाय!"

"तुमचा काढा," ते चालता चालता म्हणाले. "मला ऊन लागतंय."

ते झुडपापाशी जाऊन पाट्टीच्या शेजारी उभे राहिले. तिथेही ऊनच होतं. कॅमेरा टिकटिकला आणि फोटो निघाला. त्यात आम्ही तिघं आहोत. मिलिंद भलतीकडे बघतोय, सुजू हसत नाहीये, आणि मी दात काढून उभी आहे.

लगेच कळलं का मला? हो, कळलं. नाना शेजारी जाऊन उभे राहिले त्या क्षणी कळलं. तरी "आता पाट्टींबरोबर एक" असं म्हणायला तोंड उघडलं नाही, कारण म्हटलं असतं तर आधीचं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी कॅमेरा पिशवीत टाकला, "चला, उशीर होतोय" म्हटलं, आणि तिला वाकून थँक्यू थँक्यू करत गाडीत बसले. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

क्लुआंग

क्लुआंगला आम्ही एका साध्या हॉटेलात उतरलो. संध्याकाळी जेवायला केळीच्या पानाच्या खानावळीत गेलो. नाना गाडीत एक अक्षर बोलले नव्हते. सुजूच्या पानातल्या भाताला मात्र खड्डा करून देत होते, म्हणजे सांबार वाहून जाऊ नये. मला ते सहन होईना.

"नाना, रागावलात का?"

"नाही बाई."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी हात धुतले, पुसले आणि मग बोलले. आवाज अगदी साधा होता, जणू खात्यातली एखादी माहिती सांगतायत.

"आमच्या कचेरीत भिंतीवर एक फोटो होता. कालव्याला पहिलं पाणी सोडलं त्या दिवसाचा. साहेब लोक, पुढारी, गळ्यात हार. माझी माय दुष्काळी कामावर त्या कालव्यावर माती वाहायची, पाट्या टाकायची. नाव कुणी घेत नव्हतं, पाटी म्हणायचे. 'ए पाटी, इकडं ये.' त्या दिवशी सगळ्या बाया धुतलेली लुगडी नेसून गेल्या होत्या. फोटोवाला आला तसं मुकादम म्हणाला, पाटीवाल्यांनो, बाजूला व्हा. झाल्या बाजूला. मी कडेवरचा नव्हतो, चांगला दहा वर्षांचा होतो. तिचा पदर धरून मीपण झालो बाजूला."

मिलिंदने जेवण थांबवलं होतं.

"मग मी त्याच कचेरीत लागलो. वीस वर्षं तो फोटो माझ्या टेबलासमोर. लोक विचारायचे, काय बघता हो एवढं? त्या फोटोत माझी माय आहे, बाई. पाच पावलं बाजूला आहे, म्हणून दिसत नाही."

एवढं बोलून त्यांनी बडीशेप घेतली. "मी रागावलो नाही. तुला कधी सांगितलंच नव्हतं. माझीच चूक झाली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली, आणि मी केळीच्या पानाकडे बघत बसले. दर एप्रिलला सिंगापूरमधले आम्ही धम्मबांधव हॉल घेऊन जयंती साजरी करतो. तिथे माणसाच्या प्रतिष्ठेवर भाषण मी करते. लोक मला म्हणतात, ताई, अंगावर काटा आला. आणि माझ्याच आजीला मी आज बाजूला केलं होतं, तेही स्वतःच्या मुलीच्या तोंडून वदवून. कुणी अपमान केल्यावर काय वाटतं ते आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या पाठ आहे. करताना काही वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. काही म्हणजे काहीच वाटलं नव्हतं मला. फक्त ऊन जाईल एवढीच काळजी होती.

पुन्हा तोच रस्ता

सकाळी मी मिलिंदला म्हटलं, आज मलाक्का बघायचं ठरलंय ते राहू दे, मागे वळव. त्याने कारण विचारलं नाही. नाना मागे सुजूजवळ बसले होते. त्यांनी खिडकीची काच खाली केली.

बाग सापडेना. काल जी झाडं जगात एकच वाटत होती तशीच झाडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दहा ठिकाणी. दोनदा चुकीच्या वाटेने आत शिरलो, एकदा कुत्रं मागे लागलं. शेवटी सुजूने तो पत्रा ओळखला. रविवार असूनही पाट्टी कामावर होती. कालच्याच वेशात, डोक्याला फडकं, हातात बादली. सुजूला बघून तिने हाक मारली. आम्ही काही विसरलो का, असं तिने विचारलं.

मी आधी नाव विचारलं. मुनियम्मा. सुजूने तिला माझं नाव सांगितलं, संजीवनी, आणि तिने ते तोंडात घोळवून पाहिलं.

मला बोलायचं होतं, पण धीर होईना. म्हणून मी आधी कॅमेरा बाहेर काढला. वाटलं, फोटो काढला की न बोलताही कळेल तिला. पिशवीतून कॅमेरा निघाला मात्र, मुनियम्माने बादली उचलली आणि न सांगता चालायला लागली. पाच-सहा पावलं. झुडपापाशी उभी राहून तिने पायाखालची जागा दाखवली आणि हसून विचारलं, "तेपी. ओके?"

मला रडू आलं. तिथेच, त्या पाचोळ्यात उभी राहून मी रडायला लागले. सुजू घाबरली. "आई, व्हॉट हॅपन्ड?"

"सॉरीला मलयमध्ये काय म्हणतात?"

"माफ."

"मी मराठी विचारत नाहीये गं."

"मलयमध्येच, आई! सेम लाह. माफ."

मी मुनियम्माजवळ गेले. हात जोडले. "माफ," मी म्हणाले. "माफ."

"माफ अपा?" तिने विचारलं. सुजूने सांगायच्या आधीच मला कळलं, की ती विचारतेय, कशाची माफी? आणि तिला खरोखर माहीत नव्हतं. निदान तिचा चेहरा तरी तसाच होता.

आता ते सांगायला हवं होतं, आणि सांगायला माझ्याजवळ सुजूचंच तोंड होतं. मी मराठीत एकेक शब्द बोलले. "सांग, काल मी तुम्हाला फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं. तुम्ही आम्हाला जेवू घातलंत आणि मी असं केलं. चुकलं माझं. फार चुकलं." नाना चार हातांवर उभे राहून ऐकत होते. सुजू सांगत होती, मध्येच अडत होती, शब्द शोधत होती. एवढ्याशा मुलीला मी काल एक वाक्य बोलायला लावलं होतं, आज हे लावत होते.

मुनियम्माने सगळं ऐकून घेतलं. मग माझे जोडलेले हात सोडवले, आपल्या चिकट बोटांनी थोपटले आणि सुजूला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"शी सेज नेव्हर माइंड," सुजू म्हणाली. "शी यूज्ड टू इट ऑलरेडी. सवय झालीये तिला."

नानांनी टोपी काढली आणि डोळे पुसले.

"त्यांना म्हणावं, आता आमच्याबरोबर फोटो काढा," मी म्हणाले. "मध्ये उभ्या राहा. नानांच्या शेजारी."

सुजूने विचारलं. मुनियम्माने नकारार्थी हात हलवला, डोक्याचं फडकं चाचपलं, शर्टाकडे बोट दाखवलं, आणि हसतच बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"सांग ना."

"शी सेज नॉट टुडे." सुजू आपल्या बुटांकडे बघत होती. "शी सेज, काल तिने केस विंचरले होते."